परधानाचं गाणं, पाद्र्याची वही

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज विदर्भात सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याच्या नावाने ते उभं आहे त्याच्याबद्दल विचारलं, की बहुतेक जण ‘कोणीतरी इंग्रज’ म्हणून मोकळे होतात. स्टीफन हिस्लॉप इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ साली तो कामठी-नागपूरला आला, दुसऱ्या वर्षी शाळा काढली, आणि धर्मप्रचाराच्या दौऱ्यांत वेळ काढून दगड फोडत, जीवाश्म शोधत हिंडला. हिस्लोपाइट नावाचं एक खनिज आजही त्याची आठवण ठेवून आहे. याच भटकंतीत त्याने गोंडांचे भाट असलेल्या परधानांच्या तोंडून एक लांबलचक गाणं उतरवून घेतलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नदीत तो बुडाला. त्याची टिपणं मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने संपादित करून १८६६ साली नागपुरातून छापली. गोंडी ओळी रोमन अक्षरांत आणि सोबत इंग्रजी अर्थ, असं त्या गाण्याचं रूप आहे.

गाणं लिंगोचं आहे. महादेव गोंडांवर चिडतो, एका खारीच्या मागे त्यांना धावायला लावतो आणि गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावतो. चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लोहागड नावाच्या दुर्गम ठिकाणी लपतात. इकडे पार्वतीला गोंडांच्या अंगाचा वास येईनासा होतो आणि ती कासावीस होते. (जगातल्या उत्पत्तिकथांमध्ये देवीने माणसांच्या वासासाठी उपास धरल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) मग फुलातून लिंगो जन्मतो. तो त्या चौघा भावांना शेती शिकवतो, राक्षसाकडून विस्तव आणतो, वाद्य वाजवून त्या राक्षसालाच नाचवतो. पुढे भाऊच त्याचा जीव घेतात, तो पुन्हा उठतो, महादेवाच्या अटी पुऱ्या करून कोंडलेल्या गोंडांना सोडवतो, त्यांची कुळं लावतो, पेन म्हणजे देव कसे पुजायचे ते सांगतो आणि नाहीसा होतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगढची प्रचंड गुहा आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावच्या वाटेने तिथे जातात. गोंडांच्या श्रद्धेप्रमाणे पूर्वज कोंडले गेले ते इथेच. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून लोक येतात, सप्तरंगी झेंडे लागतात, ‘जय सेवा’ म्हणत माणसं एकमेकांना भेटतात. ही यात्रा आजच्या मोठ्या रूपात उभी राहिली ती १९८० च्या दशकापासून, आणि त्यामागे होते मोतीरावण कंगाली. १९४९ साली रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावी जन्मलेले, नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे आणि नोकरीबाहेरचा सगळा वेळ गोंडी भाषा, इतिहास आणि कोया पुनेम म्हणजे गोंडी धर्म यांना देणारे. २०१५ मध्ये ते गेले. त्यांनी मांडलेली कथा हिस्लॉपच्या गाण्याशी जुळते आणि जुळतही नाही. तिच्यात काली कंकालीची तेहतीस मुलं गुहेत अडकतात, जंगो रायताड त्यांना सांभाळते, हिरासुका पाटालीरच्या संगीताने त्यांच्यात बळ येतं, शिळा सरते आणि हिरासुका तिच्याखाली चिरडला जातो. पारी कुपार लिंगो इथे मुक्तिदाता आहे आणि धर्मगुरूही आहे.

ख्रिस्ती चर्च आणि आदिवासी यांच्यातल्या समेटाचा विचार गोंदियातून करायचा, तर तो या दोन कथांच्या मधल्या जागेतून करावा लागतो. जगभर जे चाललंय त्याचं माप इथे तसंच्या तसं बसत नाही.

जगभर काय चाललंय? सर्वांत मोठं प्रकरण कॅनडाचं. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख आदिवासी मुलं वसतिशाळांत घातली गेली. पैसा सरकारचा, शाळा बहुतांशी चर्चच्या. मुलांची भाषा, नाव, केस, आईवडील सगळं तोडायचं हा उघड उद्देश होता. चार हजारांहून अधिक मुलं तिथे दगावल्याचं नोंदलं गेलं आहे. २००८ ते २०१५ या काळात सत्य आणि समेट आयोगाने हजारो साक्षी ऐकल्या आणि ९४ मागण्या पुढे ठेवल्या. त्यांतली एक पोपने कॅनडात येऊन माफी मागावी अशी होती. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टा प्रांतातल्या मास्क्वासिस इथे ती मागितली. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये व्हॅटिकनने, पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांवर उभा राहिलेला ‘शोधाचा सिद्धान्त’, म्हणजे ख्रिस्ती राजाने शोधलेली भूमी त्याच्या मालकीची हा दावा, नाकारला. स्वीडनच्या चर्चने २०२१ मध्ये उप्सालाला सामी लोकांची माफी मागितली.

पण मला या सगळ्यात लक्षात राहतं ते १९८६ सालचं सडबरी. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाची महासभा भरली होती. आदिवासी वडीलधारे बाहेर तंबूत वाट पाहत होते. सभेने आत ठराव केला आणि मॉडरेटर रॉबर्ट स्मिथ यांनी बाहेर येऊन माफी मागितली. वडीलधाऱ्यांनी काय केलं? ऐकलं, मान दिला, पण ती स्वीकारली नाही. दोन वर्षांनी त्यांनी रीतसर कळवलं की आम्ही माफीची नोंद घेतली आहे. त्या जागी एक दगडी रचना उभारली गेली, तीही मुद्दाम अपुरी ठेवली: दगड बाकी आहेत, काम बाकी आहे. माफी मागणाऱ्याने तारीख ठरवायची आणि देणाऱ्याने लगेच दिल्याचं पत्र द्यायचं, ही कचेरीतली रीत तिथे चालली नाही. याहून प्रामाणिक समेट मला कुठे दिसलेला नाही.

आता गोंदिया. इथे वसतिशाळांचं असं जाळं नव्हतं. मिशनऱ्यांनी गोंडांची पोरं ओढून नेली नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या सुमारे तेरा लाख लोकसंख्येत अनुसूचित जमाती साधारण १६ टक्के आहेत आणि ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. हे चर्च सत्ताधारी नाही. ते स्वतःच अल्पसंख्य आहे आणि पुष्कळदा भेदरलेलं असतं. त्याच्याकडून कॅनडासारख्या माफीची अपेक्षा करणं म्हणजे पाटलाच्या गुन्ह्यासाठी कोतवालाला उभं करणं.

मग हिशेब काहीच नाही का? आहे, आणि तो टेंपलच्या पुस्तकातच दडलेला आहे. हा मुख्य आयुक्त १८६० च्या दशकात लिंगोचं गाणं छापून घेत होता, त्याच वर्षांत त्याच्या अमलाखाली मध्य प्रांतात जमीन-बंदोबस्त चालू होता. त्यात गावांची मालकी मालगुजारांना मिळाली. जंगलं सरकारी राखीव होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या डहिया करणारा, म्हणजे झाडोरा जाळून राखेत पेरणारा गोंड आपल्याच रानात अतिक्रमण करणारा ठरला, आणि गावात मालगुजाराचं कूळ किंवा सावकाराचा देणेकरी. गाणं वाचवणारा हात आणि जमीन घालवणारा हात एकाच सरकारचा होता, आणि मिशन त्या सरकारच्या पंगतीला बसलेलं होतं. हिस्लॉपच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. त्याने लिहिलं नसतं तर एकोणिसाव्या शतकातलं ते गाणं आज कोणाच्या हाती नसतं. तरी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉपचं आणि टेंपलचं नाव आहे, गाणाऱ्या परधानाचं नाही.

शेजारच्या छोटानागपुरात गोष्ट वेगळी घडली. तिथे कॉन्स्टंट लिव्हन्स नावाच्या बेल्जियन जेझुइटाने १८८० च्या दशकात मुंडा-उरांवांचे जमिनीचे खटले हाती घेतले. त्याच परंपरेतल्या योहान हॉफमन या जर्मन पाद्र्याचा १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणीत हात होता. तो कायदा आजही आदिवासी जमीन विकण्यावर बंधन घालतो. तिथे लोक चर्चकडे आले ते बऱ्याच अंशी जमीन वाचवण्यासाठी. वैनगंगेच्या खोऱ्यात असा लिव्हन्स निघाला नाही. म्हणून गोंडही चर्चकडे फारसे फिरकले नाहीत, आणि यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

एक माणूस मात्र निघाला होता, आणि तो उघडपणे प्रायश्चित्तासाठीच निघाला होता. त्याची गोष्ट गोंदियाच्या उत्तरेला, बालाघाट ओलांडून मैकलच्या डोंगरात घडली, पण तिची सुरुवात पुण्यात आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आयुष्याच्या शेवटी परदेशी मिशनचं चर्च नकोसं झालं होतं. देशी पेहरावातला, देशी भजनातला ख्रिस्त त्यांना हवा होता. त्यांच्या मागे तोच धागा जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने उचलला. त्याने टिळकांवर पुस्तक लिहिलं आणि १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी, शाकाहार, जमिनीवर बैठक, मराठी प्रार्थना. १९२७ साली ऑक्सफर्डचा एक तरुण पदवीधर पुण्यात या संघात दाखल झाला: व्हेरिअर एल्विन, सिएरा लिओनच्या दिवंगत बिशपचा मुलगा. आपल्या लोकांनी हिंदुस्थानातून घेतलं, आता कोणीतरी द्यायला जावं, ही परतफेडीची भावना आपल्याला इथे घेऊन आली असं त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. तो लवकरच गांधींकडे ओढला गेला. गोंडांकडे जा, त्यांच्यासाठी कोणी काही करत नाही, हे त्याला सुचवलं वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी.

जानेवारी १९३२ मध्ये एल्विन आणि संघातला त्याचा मराठी सोबती शामराव हिवाळे अमरकंटकच्या वाटेवरच्या करंजिया गावी पोहोचले. करंजियाला पाद्री नवे नव्हते. १८४० च्या दशकाच्या आरंभी गॉस्नरच्या संस्थेतून आलेली जर्मन कारागीर-मिशनऱ्यांची एक तुकडी तिथेच गोंडांमध्ये राहायला आली होती. पहिल्याच पावसाळ्याच्या सुमारास त्यातले चौघे रोगाने मेले आणि उरलेल्यांनी गाशा गुंडाळला. नव्वद वर्षांनी एल्विन त्याच गावात झोपडी बांधत होता. फरक एवढाच की त्याने कोणाचाही धर्म बदलायचा नाही असं ठरवलं होतं. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांसाठी निवारा, एवढंच.

इथे त्याची गाठ पडली नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांच्याशी. वुड काही मुंबईहून फर्मान काढणारे साहेब नव्हते. बिशप होण्याआधी त्यांनी वीसेक वर्षं चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मिशनरी म्हणून घालवली होती. पण काँग्रेसला उघड पाठिंबा देणारा, राजनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नसलेला आणि धर्मप्रचार करणार नाही म्हणणारा पाद्री त्यांना आपल्या हद्दीत चालणार नव्हता. त्यांनी एल्विनला विधी चालवायचा परवाना दिला नाही. ओढाताण तीन-चार वर्षं चालली. १९३५ मध्ये एल्विनने चर्चच सोडलं.

मला ही सगळी हकीकत चर्चच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. आदिवासींकडे काही मागायला नाही, काही पटवायला नाही, नुसतं सोबत राहायला एक माणूस चर्चच्या पोटातून निघाला, आणि चर्चला त्याचं काय करायचं ते कळलं नाही. एल्विनला संत ठरवायची मात्र गरज नाही. १९४० साली त्याने आपल्याहून पुष्कळ लहान अशा एका गोंड मुलीशी लग्न केलं, १९४९ मध्ये ते मोडलं. आत्मचरित्रात तो त्या काळाबद्दल दुःखाच्या दोन ओळी लिहून पुढे सरकतो. तिची बाजू त्या पुस्तकात नाही. दुसऱ्यांच्या पापाचं प्रायश्चित्त करायला निघालेला माणूस घरातलं देणं असं बाकी ठेवून जातो.

शामरावांची वाट निराळी. ते लेखक म्हणून एल्विनइतके गाजले नाहीत, पण त्यांनी परधानांमध्ये राहून परधानांवरच एक पुस्तक लिहिलं, ते १९४६ मध्ये आलं. हिस्लॉपने परधानांचं गाणं घेतलं होतं. शामरावांनी गाणाऱ्यांची ओळख करून दिली: गोंड यजमान आणि परधान यांचं नातं, बाना हे वाद्य, दान मागण्याच्या फेऱ्या, थट्टामस्करी. एल्विन पुढे १९५४ मध्ये ईशान्येला गेला, शामराव मैकलच्या डोंगरातल्या पाटणगढ गावीच राहिले. याच पाटणगढचा परधान पोरगा जनगढसिंह श्याम पुढे भोपाळला गेला आणि जिला आज गोंड चित्रकला म्हणतात तिचा प्रवर्तक झाला.

एल्विन ईशान्येला गेला त्या वर्षी नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात, म्हणजे त्याच राज्यात. एप्रिल १९५४ मध्ये रविशंकर शुक्लांच्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने ७७ ठिकाणी जाऊन ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि १९५६ मध्ये अहवाल दिला: धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, पैशावर नियंत्रण आणा. चर्च संतापलं, अहवाल एकतर्फी आहे म्हणालं, आणि बचावाच्या पवित्र्यात गेलं ते आजपर्यंत. तक्रारींत खोटं किती, खरं किती, हा वाद बाजूला ठेवला तरी एवढं नुकसान नक्की झालं की आदिवासींचं काय चुकलं-बिघडलं हा प्रश्न चर्चने स्वतःला शांतपणे विचारण्याची जागाच उरली नाही. प्रत्येक प्रश्न सरकारी पक्षाचा वाटू लागला. (धर्मांतरावरच्या या समितीचे अध्यक्ष नियोगी यांनी त्याच वर्षी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इतिहासाला अशा थट्टा आवडतात.)

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा प्रॉटेस्टंट संप्रदाय एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झालं. चार दशकांच्या वाटाघाटींचं हे फळ होतं आणि ते लहान नव्हतं. बिशप कोण, बाप्तिस्मा केव्हा, यावरून भांडणाऱ्यांनी एकमेकांशी समेट केला. ज्या गोंडवनाच्या जुन्या राजधानीत हा सोहळा झाला, त्या गोंडांशी समेटाचा विषय त्या टेबलावर नव्हता.

भारतात चर्चला आदिवासी श्रद्धेपुढे पाऊल मागे घ्यावं लागल्याचं एक उदाहरण झारखंडचं आहे. कुडुख भाषेतल्या ‘नेम्हा बायबल’मध्ये, परक्या देवांची झाडांखालची स्थानं मोडून टाका या जुन्या करारातल्या आज्ञेत सरना हा शब्द आला. सरना म्हणजे तिथल्या आदिवासींचं पवित्र राईतलं देवस्थान. २००८ मध्ये त्यावर मोठं आंदोलन झालं आणि तो मजकूर मागे घेतला गेला. तिथे वाद पेटला कारण चर्चही आदिवासींचं आहे आणि सरनाही. एकाच घरात दोन देव. गोंदियात तसं नसल्यामुळे वाद नाही, आणि वाद नसल्यामुळे संवादही नाही.

दरम्यान गोंडांनी कोणाची वाट पाहिली नाही. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्येच गोंडीसाठी लिपी तयार केली होती. २०१७ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०११ च्या जनगणनेत सुमारे दहा लाख लोकांनी धर्माच्या रकान्यात हिंदू नव्हे, ख्रिस्ती नव्हे, गोंड असं लिहवलं. कचारगढची यात्रा कोणत्याही मठाच्या, मिशनच्या, सरकारच्या पुढाकाराशिवाय वाढली. तुटलेलं सांधणं, जखम भरणं हे ज्याला म्हणतात ते सालेकशाच्या डोंगरात चालू आहे, आणि त्यात चर्चला पाहुण्याइतकंच स्थान आहे. माझ्या मते चर्चने आधी हे मान्य करावं. विदर्भातल्या कुठल्या बिशपाला उद्या माफीचं निवेदन काढावंसं वाटलं, तर ते ऐकायला गोंड थांबलेले नाहीत.

करण्यासारखं मात्र आहे. एक, कोया पुनेमला धर्म म्हणणं. जुन्या मिशन-साहित्यात गोंडांच्या पेनपूजेला भूतपूजा म्हटलेलं सापडतं; आज निदान धर्मशिक्षणाच्या वर्गांतून तो शब्द हद्दपार व्हायला काय हरकत आहे? दुसरं, जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावांचे सामूहिक दावे अजून ठिकठिकाणी अडकतात. १८६० च्या दशकात जे बोलायचं राहिलं ते बोलायची ही दुसरी संधी आहे, आणि दावा भरायला नकाशे, जुनी कागदपत्रं, इंग्रजी वाचणारी माणसं लागतात, ती मिशनच्या शाळा-कॉलेजांकडे आहेत. तिसरं म्हणजे ते गाणं. १८६६ चा गोंडी मजकूर स्कॉटिश कानाने ऐकलेला आणि रोमन अक्षरांत बसवलेला आहे. उच्चार कुठे घसरले, अर्थ कुठे भलतीकडे गेला, महादेव-पार्वती मुळात होते की दुभाष्यांनी आणले, हे आज गोंडी बोलणारेच सांगू शकतील. देवनागरीत आणि मसराम लिपीत त्याची चिकित्सक आवृत्ती काढायला हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज, गोंडी अभ्यासक आणि परधान कुटुंबं एकत्र बसली तर दोन-तीन वर्षांचं काम आहे, आणि गाणाऱ्यांना व वाचणाऱ्यांना तेवढ्या काळाचा पगार देण्याइतका पैसा कोणत्याही मध्यम आकाराच्या चर्चकडे असतो.